बोलणे, म्हणणे आणि सांगणे

आकाशवाणीच्या बातम्या आपण नेहमी ऐकता. एखाद्या सभेची बातमी असली म्हणजे तिची ठेवण साधारण अशी असते : 'पाटाचे पाणी वेळेवर सोडण्यात येईल, असे मंत्र्यांनी सांगितले. ते काल जळगाव येथे शेतकऱ्यांच्या मेळाव्यात बोलत होते. पाणी जपून वापरावे, असेही ते म्हणाले.'

माणूस एक, सभा एक, तोंडही एकच. पण क्रियापदे मात्र तीन. सांगितले, बोलत होते, म्हणाले. आता ही तीन क्रियापदे आपसांत बदलून पाहा. 'मंत्री मेळाव्यात सांगत होते' असे केले, तर ऐकणारा लगेच विचारील, 'काय सांगत होते?' 'पाणी जपून वापरावे, असेही ते बोलले' असे केले, तर कानाला कुठेतरी खडा लागतो. आणि 'मंत्री मेळाव्यात म्हणत होते' हे वाक्य तर लंगडेच पडते. म्हणजे ही तीन क्रियापदे एकाच अर्थाची नाहीत. जात्याचा खुंटा, पाळे आणि माकडी या तिन्ही गोष्टी दळण्याच्याच कामी येतात. पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही, तसेच हे आहे.

आपण ही क्रियापदे दिवसातून शंभर वेळा वापरतो आणि फारसे चुकतही नाही. मग त्यांच्यावर एक सबंध भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे आहे की, कोण बोलले, नेमके काय म्हणाले आणि कोणी कोणाला सांगितले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते ज्या गावात वेगळे ठेवले जातात, त्या गावात खऱ्याखोट्याची निवड होते. ते एकात कालवले गेले, की काय घडते, याचे एक फार दुःखद उदाहरण आपल्याच खानदेशात घडले आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी या तीन भावंडांची ओळख करून घेऊ.

पहिले 'बोलणे'. 

घरात लहान मूल असते. ते वर्षा-सव्वा वर्षाचे झाले, की आजी कौतुकाने सांगते, 'आता बोलू लागला हो!' ती 'म्हणू लागला' असे म्हणत नाही आणि 'सांगू लागला' असेही नाही. मूल काय उच्चारते, त्याला अर्थ आहे का, याचा इथे विचारच नाही. वाचा फुटली, एवढेच सांगायचे आहे. पोपट बोलतो. मुका बोलत नाही. अमका मराठी बोलतो, तमका अहिराणी बोलतो. कोणी मोठ्याने बोलतो, कोणी तोलून-मापून बोलतो. या साऱ्या ठिकाणी आपले लक्ष बोलणाऱ्या माणसावर असते. त्याच्या जिभेवर, स्वरावर, स्वभावावर असते. म्हणूनच माणसामाणसांतला संबंध दाखवायलाही हेच क्रियापद उपयोगी पडते. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे त्यांच्यात अबोला आहे. लग्नाची बोलणी होतात. देवाला नवस बोलतात. लिलावात बोली लागते.

इथे एका अक्षराची गंमत पाहण्यासारखी आहे. 'मास्तर माझ्याशी बोलले' या वाक्यात गोडवा आहे. 'मास्तर मला बोलले' या वाक्यात मात्र रागावणे आहे. 'शी' जाऊन 'ला' आला आणि विचारपुशीची बोलणी झाली! 'सासू सुनेशी बोलली' आणि 'सासू सुनेला बोलली' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते आमच्या मायबहिणींना व्याकरण न शिकताही कळते.

दुसरे क्रियापद 'म्हणणे'.

'पाटील बोलले' एवढे वाक्य पुरे होते. 'पाटील म्हणाले' असे सांगून कोणी थांबला, तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो : काय म्हणाले? 'म्हणणे' या क्रियापदाला नेमके शब्द हवे असतात. त्याचे लक्ष बोलणाऱ्याच्या जिभेवर नाही, तिच्यावरून उतरलेल्या शब्दांवर आहे. म्हणून ज्यांचे शब्द ठरलेले आहेत, जे शब्द बदलायचे नाहीत, ते सारे आपण 'म्हणतो'. पाढे म्हणतो, प्रार्थना म्हणतो, आरती म्हणतो, ओवी म्हणतो. पाढे कोणी 'बोलत' नाही.

आमचे धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म इथे १८९० साली झाला. जळगावला १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, तेव्हा या कोवळ्या मुलाने उभे राहून कविता म्हटली, आणि संमेलनाचे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्याचा 'बालकवी' म्हणून गौरव केला. मुलाने कविता 'म्हटली'. ती 'बोलली' नाही. आणि जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरची माणसे ती उतरून घेत. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तो ठेवा पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आला. लिहिता न येणाऱ्या बाईचे शब्द जसेच्या तसे आपल्यापर्यंत पोचले, याचे कारण त्या नुसत्या बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आणि ऐकणाऱ्याने ते शब्द शब्दासारखे जपले.

'म्हणणे' हे क्रियापद आपल्या भाषेत आणखी किती ठिकाणी शिरून बसले आहे, पाहा. पिढ्यान्‌पिढ्या लोक जे एकाच शब्दांत म्हणत आले, ती 'म्हण'. कारण सांगायचे, तर 'म्हणून'. अर्थ उकलायचा, तर 'म्हणजे'. वस्तूचे नाव विचारायचे, तर 'याला काय म्हणतात?' कोर्टात प्रतिवादी आपले 'म्हणणे' दाखल करतो. इतकेच काय, बांधावर भेटलेला शेतकरी दुसऱ्याला विचारतो, 'काय, कपाशी काय म्हणते यंदा?' आमच्या अहिराणीत नुसते 'काय म्हनस भो?' एवढ्यात घरच्यादारच्या सगळ्या विचारपुशी येऊन जातात.

तिसरे क्रियापद 'सांगणे'.

याला दोन गोष्टी लागतात. काहीतरी मजकूर, आणि तो घेणारा कोणीतरी. एकटा माणूस शेतात बोलू शकतो, गाणे म्हणू शकतो. पण एकट्याला सांगता येत नाही. सांगायला समोर ऐकणारा पाहिजे. गोष्ट सांगतात, निरोप सांगतात, पत्ता सांगतात, भविष्य सांगतात. कीर्तनकार आख्यान सांगतो. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवरचे निरूपण सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तो शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० चा काळ. तिथे सांगणारा होता, आणि घेणाराही त्याच तोलाचा होता.

सांगण्यात कधी आज्ञाही असते. 'त्याला यायला सांग' यात बातमी नाही, हुकूम आहे. म्हणूनच सांगितल्यापलीकडे काडी न हलवणारा तो 'सांगकाम्या'. उपवर मुलीला स्थळ 'सांगून येते'. जमिनीवर हक्क 'सांगतात'. आणि जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक इशारा : 'सांगोपांग' या शब्दाचा सांगण्याशी काही संबंध नाही. अंगांसह आणि उपांगांसह, ते सांगोपांग. परीक्षेत हा सापळा मोठा फसवा असतो.

तर एकंदर हिशेब असा झाला. 'बोलणे' बोलणाऱ्याकडे पाहते. 'म्हणणे' शब्दांकडे पाहते. 'सांगणे' मजकुराकडे आणि ऐकणाऱ्याकडे पाहते.

माझ्या या विभागणीला आपले व्याकरणही साक्ष देते. शिक्षक बंधुभगिनींनी इकडे थोडे लक्ष द्यावे. भूतकाळात 'तो बोलला, ती बोलली' असे आपण म्हणतो. 'त्याने बोलले' असे प्रमाण मराठीत म्हणत नाही. क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. उलट, 'त्याने गोष्ट सांगितली, निरोप सांगितला, नाव सांगितले.' सांगणारा पुरुष असो की स्त्री, एक असो की दहा, 'सांगितली' की 'सांगितला' हे ठरते सांगितलेल्या वस्तूवरून. म्हणजे 'बोलला' हे रूप बोलणाऱ्याच्या आज्ञेत आहे, तर 'सांगितली' हे रूप मजकुराच्या आज्ञेत आहे. आणि 'म्हणणे' हे मधले भावंड दोन्हींकडे जाते. स्वतःचे शब्द असतील, तर 'तो म्हणाला, ती म्हणाली'. ठरलेले शब्द असतील, तर बहुधा 'त्याने अभंग म्हटला, तिने प्रार्थना म्हटली'. कागदाच्या बाबतीतही तसेच. 'अर्जात म्हटले आहे' असे आपण लिहितो. कागदाला तोंड नसते, शब्द तेवढे असतात. शेकडो वर्षे वापरून वापरून भाषेने केवढी बारीक व्यवस्था लावून ठेवली आहे, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

ही व्यवस्था कालपरवाची नव्हे. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी प्राकृताचे व्याकरण रचले. संस्कृतातल्या 'कथ्' या धातूला, म्हणजे कथन करण्याला, प्राकृत लोकभाषांत कोणकोणते पर्याय आहेत, ते त्यांनी नोंदवले. ते दहा आहेत. त्यांत 'बोल्ल' आहे आणि 'संघ'ही आहे. पहिला आपला 'बोल', आणि दुसऱ्याशी आपल्या 'सांग'चे नाते अभ्यासक जोडतात. 'म्हण' आला तो संस्कृतातल्या 'भण्' या धातूवरून. आपले शेजारी गुजराती बांधव त्याच धातूवरून 'भणवुं' म्हणतात. मात्र त्याचा अर्थ शिकणे, अभ्यास करणे. कसा झाला असेल हा अर्थ? जुन्या शाळेत शिकणे म्हणजे मोठ्याने म्हणणेच होते, नाही का!

हा प्रश्न केवळ आपल्याच भाषेपुढे आहे, असेही नाही. सातासमुद्रांपलीकडे स्पेन देशात, आणि मेक्सिकोपासून चिलीपर्यंतच्या मुलखात स्पॅनिश भाषा चालते. तिथेही तीन क्रियापदे आहेत : 'आब्लार', 'देसीर' आणि 'कोंतार'. आब्लार म्हणजे ढोबळमानाने आपले बोलणे. स्पॅनिश भाषा 'आब्लार' करतात, मित्राशी 'आब्लार' करतात. देसीर म्हणजे आपले म्हणणे, आणि पुष्कळदा सांगणेही. कोंतार म्हणजे गोष्ट सांगणे. पण गंमत अशी की, कोंतार म्हणजे मोजणेसुद्धा. पैसे मोजायचे तेही कोंतार, आणि आजीने गोष्ट सांगायची तेही कोंतार. हे वाचून हसू येते; पण आपल्याकडे तरी काय आहे? 'ख्या' या एकाच संस्कृत धातूवरून 'आख्यान' आले आणि 'संख्या'ही आली. सांगणारा एकेक गोष्ट क्रमाने मांडत जातो आणि मोजणाराही तेच करतो, हे दोन दूरदूरच्या भाषांना स्वतंत्रपणे सुचले. यातून सांगण्याचे एक लक्षण आपल्या हाती येते. सांगणे म्हणजे हिशेब देणे. जो सांगतो, त्याने हिशेबाला तयार राहावे.

एक फरकही ध्यानात घेण्यासारखा आहे. स्पॅनिशमध्ये सत्याला 'देसीर' लागते. तिथे सत्य 'म्हणतात'. आपण मात्र मुलाला शिकवतो, 'नेहमी खरे बोलावे.' आणि पाटी फुटलेली दिसली, की विचारतो, 'खरे सांग, कोणी फोडली?' पाहा, 'खरे बोलणे' हा स्वभाव झाला, शील झाले. 'खरे सांगणे' ही त्या वेळची, त्या प्रकरणापुरती गोष्ट झाली. तसेच 'तो खोटे बोलतो' या वाक्यात माणसावर ठपका आहे. 'त्याने खोटे सांगितले' यात एका मजकुरावर ठपका आहे. उद्या तो खरेही सांगेल. न्यायनिवाडा करताना पंचांनी हा भेद विसरून कसे चालेल?

अलीकडे या व्यवस्थेत एक गोंधळ शिरला आहे. मुंबईकडच्या बोलण्यातून, सिनेमांतून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून 'तो मला बोलला की उद्या ये' अशी वाक्ये आपल्या मुलांच्या तोंडी येऊ लागली आहेत. हिंदीतल्या 'बोला'ची ही छाया आहे. मी कपाळाला आठ्या घालून याचा निषेध करणार नाही. भाषा वाहती असते. हैदराबादकडच्या दखनीने तर आपल्या 'म्हणून'च्या जागी 'बोलके' हा शब्द ठेवून आपला संसार उत्तम चालवला आहे. परंतु बदल होताना हातचे काय जाते, ते तरी पाहावे. समजा, शहरातून शिकून आलेल्या मुलाने घरी सांगितले, 'साहेब मला बोलले.' खेड्यातला बाप दचकतो. पोराच्या हातून काही चूक झाली, असे त्याला वाटते. मुलाला मात्र एवढेच सांगायचे होते की, साहेब काहीतरी म्हणाले. एकाच घरात, एकाच मराठीत, बापलेकांमध्ये अर्थाची भिंत उभी राहिली. 'मला म्हणाले' या दोन शब्दांत ती उभी राहिली नसती.

आता मी मघाशी राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो.

'म्हणणे' या क्रियापदाचे एक रूप आपण फार सहज वापरतो. ते म्हणजे 'म्हणे'. 'नदीला पूर आला' आणि 'नदीला पूर आला म्हणे.' पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः हमी देतो. दुसऱ्या वाक्यात तो सांगतो की, बाबांनो, हे मी पाहिलेले नाही; लोक म्हणतात, ते तुमच्या कानावर घालतो, एवढेच. दोन अक्षरांचा हा शब्द. पण कायद्याच्या पुस्तकात ऐकीव पुरावा आणि प्रत्यक्ष पुरावा यांत जो भेद केलेला असतो, तोच भेद आमची निरक्षर म्हातारी या दोन अक्षरांत करते. अहिराणीत एखादी हकीकत सांगताना ती वाक्यावाक्याला 'म्हने' पेरीत जाते. तो म्हने, ती म्हने, लोक म्हने. शहरी माणसाला वाटते, ही उगाच लांबण लावते आहे. तशी ती लावत नाही. कोणता शब्द कोणाचा, त्याची ती चोख नोंद ठेवते आहे.

हे 'म्हणे' गळून पडते, तेव्हा अफवा जन्माला येते. पहिला म्हणतो, 'पलीकडच्या गावात चोर आले म्हणे.' दुसरा म्हणतो, 'पलीकडच्या गावात चोर आले.' तिसरा म्हणतो, 'चोर आले आहेत, आपल्या गावाकडे निघाले आहेत.' मजकूर थोडाच बदलला. पण हमी कुणीच दिली नसताना ती आपोआप तयार झाली. आणि मोबाइलवर एकाचा निरोप शंभरांकडे पुढे ढकलला जातो, तेव्हा तर पहिल्या माणसाचे 'म्हणे' शोधायचे कुठे?

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशाच्या अनेक भागांत मोबाइलवरून पसरल्या होत्या. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा तिथला आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे त्या दिवशी गावात आली होती. ती मुले पळवणारी आहेत, असा लोकांचा समज झाला. जमावाने त्या पाचही जणांना मारून मारून ठार केले. ती माणसे निरपराध होती.

श्रोतेहो, या प्रकाराची कारणे पुष्कळ असतील. भीती होती, जमावाचा उन्माद होता, परक्याविषयीचा संशय होता. एक व्याकरणाचा नियम पाळला असता, तर हे टळले असते, असा भोळा दावा मी करणार नाही. पण गर्दीतल्या एका माणसाने जरी उभे राहून विचारले असते, 'तू पाहिलेस का? तुला कोणी सांगितले? की नुसते लोक म्हणतात?' तर पाच घरांचे दैव कदाचित निराळे झाले असते. हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ते आपल्या भाषेनेच आपल्या जिभेवर ठेवलेले आहेत. आपण ते विचारायचे विसरलो, तर दोष भाषेचा नाही.

म्हणून खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हे तीन प्रश्न त्यांनी वर्गात रोजच्या सवयीचे करावेत. एखादा मुलगा धापा टाकत येऊन सांगतो, 'गुरुजी, तळ्यात मगर आहे!' त्याला गप्प बसवू नये, आणि हसूही नये. शांतपणे विचारावे, 'तू पाहिलीस?' 'नाही.' 'मग कोणी सांगितले?' 'गण्याने.' 'गण्या नेमके काय म्हणाला?' बहुतेक वेळा असे निघते की, गण्या 'मगर असेल' असे म्हणाला होता. मुलांना यात खेळाचा आनंद मिळतो, आणि पुराव्याची पारख नकळत अंगी मुरते.

दुसरा एक खेळ करून पाहावा. दहा मुलांना ओळीने बसवावे. पहिल्याच्या कानात एक निरोप सांगावा आणि तो कानोकानी शेवटपर्यंत जाऊ द्यावा. शेवटच्या मुलाने तो मोठ्याने सांगावा. मग उलट्या दिशेने प्रत्येकाला विचारावे, 'तुझ्या कानात कोणते शब्द आले होते?' निरोप कुठे फिरला, कोणत्या कानात काय गळले, ते सर्वांना दिसते. सांगणे आणि म्हणणे यांतला फरक शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. सांगितलेला मजकूर शिल्लक राहतो. म्हटलेले शब्द मात्र हरवतात. आणि शब्द हरवले, की पुष्कळदा मजकूरही त्यांच्यामागून जातो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. आपल्या शाळांत सांगणे पुष्कळ चालते, गुरुजी सांगतात. म्हणणेही पुष्कळ चालते. मुले पाढे म्हणतात, कविता म्हणतात. उणे पडते ते बोलणे. 'मुलांना बोलते करणे' असा सुंदर शब्दप्रयोग आपल्याकडे आहे. पण तो वर्गात फारसा उतरत नाही. त्याचे एक कारण आपल्या भागात ठळक दिसते. घरी मूल अहिराणी बोलते, नाहीतर लेवा बोली किंवा भिल्लांची, गुजरांची बोली बोलते. शाळेत पहिलेच वाक्य उच्चारताच त्याला ऐकू येते, 'असे नाही, शुद्ध बोल.' मूल गप्प होते. मग ते सांगितलेले ऐकते, म्हणवून घेतलेले म्हणते. पण स्वतः होऊन बोलत नाही. आणि जो स्वतः बोलत नाही, तो पुढे मोठेपणी गर्दीत उभा राहून 'कोणी पाहिले?' असे तरी कसे विचारणार?

खरे तर अहिराणीत उणे काहीच नाही. ग्रियर्सन यांनी १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या पंगतीत बसवले. पुढच्या अभ्यासकांनी तिचे मराठीशी आणि गुजरातीशी नाते किती, यावर वाद घातले. ते वाद पंडितांनी खुशाल चालवावेत. आपल्यापुरते एवढे पुरे की, ही तिन्ही क्रियापदे तिच्यात आहेत आणि आपापले काम चोख करतात. 'बोलनं' आहे, 'सांगनं' आहे, 'म्हननं' आहे. आपण 'म्हणून' म्हणतो, तिथे ती 'म्हनीसन' म्हणते. ज्या मुलाला घरच्या बोलीत हा भेद येतो, त्याला प्रमाण मराठीत तो नव्याने शिकवावा लागत नाही; फक्त जोडून द्यावा लागतो. गुरुजींनी फळ्यावर दोन रकाने करावेत. एकात मुलांचे घरचे वाक्य लिहावे, दुसऱ्यात पुस्तकातले. 'तो बोलना' समोर 'तो बोलला'. मुलाला कळते की, आपल्याला भाषा येत नाही असे नाही. आपल्याला तर दोन भाषा येतात. ज्याला हे कळले, तो बोलायला भीत नाही.

मोठ्या माणसांनीही एक व्रत घ्यायला हरकत नाही. ग्रामसभेत, चावडीवर, बाजारात, किंवा हातातल्या मोबाइलवर एखादी बातमी पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपण स्वतः पाहिले असेल, तर नाव देऊन सांगावे आणि त्याचा हिशेब द्यायला तयार राहावे. दुसऱ्याने सांगितले असेल, तर त्याचे नाव घ्यावे आणि तो नेमके काय म्हणाला, तेवढेच सांगावे. आपल्या पदरचे तिखटमीठ लावू नये. आणि कोणी सांगितले हेही ठाऊक नसेल, तर पूर्वजांनी दिलेले 'म्हणे' तरी वाक्याच्या शेवटी प्रामाणिकपणे ठेवावे. आणि पुष्कळदा, असे वाक्य मनातच ठेवणे सर्वांत उत्तम.

भाषा शुद्ध ठेवावी, असा उपदेश आपण नेहमी ऐकतो, आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारले म्हणजे भाषा शुद्ध झाली, असे समजतो. ऱ्हस्वदीर्घाला माझा विरोध नाही; तो माझ्या पोटापाण्याचा धंदाच आहे. पण त्याहून मोठी शुद्धता अशी की, ज्याचे शब्द त्याच्या नावावर राहावेत, न पाहिलेल्या गोष्टीची हमी कोणी घेऊ नये, आणि समोरच्याला भीती न वाटता बोलता यावे. ही शुद्धता मुळाक्षरे न शिकलेल्या माणसालाही पाळता येते, आणि मोठमोठ्या पदवीधरांच्या हातूनही ती सुटते. खानदेशातल्या म्हाताऱ्या बायकांनी ती आपल्या 'म्हने'मध्ये आजवर जपली. तुमच्या शेजारी अशी कोणी आजी असेल, तर तिच्यापाशी थोडा वेळ बसा, तिला बोलते करा, आणि ती कोणाचे शब्द कोणाच्या नावावर मांडते, ते नीट ऐका.